पितळेपासून अतिवाहकतेपर्यंत

नाशिकच्या तांब्यापितळेच्या भांड्यांचा लौकिक जुना आहे. जुन्या नाशकांतील तांबट आळींत हंडे, घागरी, घंगाळें आणि समया घडविणाऱ्या कारागिरांस एक गोष्ट कोणत्याही ग्रंथावांचून ठाऊक होती. तांब्यांत जस्त मिसळलें कीं पितळ होते. पण जस्त किती मिसळावें यास सीमा आहे. शंभर भागांत तीस-पस्तीस भाग जस्त असेपर्यंत पितळ हातोडीखालीं निमूटपणें पसरते. त्यापुढें ती ताठर होऊं लागते. आणि जस्ताचा भाग साठाच्या वर गेला म्हणजे ती कांचेसारखी फुटते. जस्त थोडें अधिक पडलें, इतकेंच. मग धातूचा स्वभाव इतका पालटावा कां?

या प्रश्नाचें पहिलें नेटकें उत्तर ऑक्सफर्डच्या विल्यम ह्यूम-रॉथरी यांनीं १९२६ सालीं दिलें. तरुणपणीं मेंदूच्या आवरणास दाह होऊन या गृहस्थांची श्रवणशक्ति पूर्णपणें गेली, सैन्यांतील नियोजित आयुष्यक्रम संपला, आणि ते रसायनशास्त्राकडे वळले. मिश्रधातूंत त्यांनीं अणूंपेक्षां मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा हिशेब अधिक महत्त्वाचा मानला. तांब्याचा अणु एक इलेक्ट्रॉन मोकळा सोडतो, जस्ताचा दोन. समसमान तांबें-जस्ताच्या संयुगांत दोन अणूंमागें तीन इलेक्ट्रॉन येतात. ठिसूळ पितळेंत तांब्याचे पांच व जस्ताचे आठ अणु, म्हणजे तेरा अणूंमागें एकवीस इलेक्ट्रॉन. नवल असें कीं, तांबें व कथील किंवा तांबें व ॲल्युमिनियम अशा अगदीं भिन्न जोड्यांतही हींच गुणोत्तरें पुनःपुन्हा भेटतात आणि त्यांच्याबरोबर अणूंची तशीच रचनाही भेटते. निश्चित प्रमाणांत, निश्चित घडणीनें जुळलेल्या धातूंच्या अशा संयुगांना आंतरधातु संयुगें म्हणतात. त्यांचें भवितव्य अणूंच्या नांवापेक्षां इलेक्ट्रॉनांच्या भरण्यावर ठरतें, ही कल्पना येथून रुजली.

भरण्याचा अर्थ नाशिककरांना परका वाटूं नये. गोदावरीला पूर आला म्हणजे सारें शहर दुतोंड्या मारुतीकडे पाहतें; पाणी गुडघ्याशीं आहे, कंबरेशीं आहे कीं छातीशीं, यावरून पुराचें मान ठरतें. नदीकांठचा घाट आणि त्यावर चढत जाणारें पाणी डोळ्यांपुढें आणलें म्हणजे धातूंतील इलेक्ट्रॉनांची व्यवस्था बरीचशी समजते. १९२८ सालीं फेलिक्स ब्लॉख यांनीं स्फटिकांतून वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांचें गणित मांडलें. त्यावरून असें निष्पन्न झालें कीं, इलेक्ट्रॉनांना वाटेल ती ऊर्जा घेतां येत नाहीं. अनुमत ऊर्जांचे पट्टे असतात, आणि कांहीं पट्ट्यांमध्यें उभें राहण्यास जागाच नाहीं असे कोरे अंतराळही असतात. पट्टा म्हणजे पायऱ्यांचा घाट. प्रत्येक पायरीवर ठराविक जणांनाच स्थान. म्हणून इलेक्ट्रॉन तळापासून एकेक पायरी भरीत वर येतात. जेथें भरती थांबते त्या रेषेस फर्मी-पातळी हें नांव आहे. तळच्या पायऱ्यांवरचे इलेक्ट्रॉन चहूंकडून कोंडलेले असतात, त्यांना हलतां येत नाहीं. धातूचे जे कांहीं गुण प्रत्ययास येतात ते बहुतेक पाण्याच्या कांठावरच्या इलेक्ट्रॉनांचे.

मात्र हा घाट एकसारखा बांधलेला नसतो. एखादी पायरी निरुंद असते, एखादी चौथऱ्यासारखी रुंद. पाण्याची रेषा नेमकी रुंद पायरीवर थांबली तर कांठावर इलेक्ट्रॉनांची दाटी होते. निरुंद पायरीवर थांबली तर मोजकेच उभे राहतात. या दाटीला अवस्था-घनता म्हणतात, आणि पुढील सर्व कथा तिच्याभोंवतीं फिरते. पितळेचें कोडें १९३४ सालीं हॅरी जोन्स यांनीं याच वाटेनें सोडविलें. पुढें १९५७ सालीं पिप्पर्ड यांनीं तांब्यांतील फर्मी-पृष्ठाचा खरा आकार प्रयोगानें काढला, तेव्हां जोन्स यांच्या हिशेबांतील एक गृहीत चुकीचें ठरलें हें खरें. परंतु दृष्टि चुकली नव्हती.

आतां पितळ सोडून थंडीच्या राज्यांत जावयाचें आहे. हॉलंडांतील लायडेन येथें हाइके कामर्लिंग ओनेस यांनीं १९०८ सालीं हीलियम द्रवरूप केला, आणि १९११ सालीं पारा थंड करतांना त्यांना असें दिसलें कीं, निरपेक्ष शून्यावर, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सियसच्या वर, सुमारें ४.२ अंश राहिले असतां पाऱ्याचा विद्युत्-रोध एकाएकीं नाहींसा होतो. हे निरपेक्ष शून्यापासून मोजलेले अंश म्हणजेच केल्विन. या चमत्कारास अतिवाहकता म्हणतात. अतिवाहक धातूच्या कड्यांत एकदां सोडलेला प्रवाह बॅटरीवांचून फिरतच राहतो. १९३३ सालीं माइसनर व ओक्सेनफेल्ड यांनीं आणखी एक लक्षण दाखविलें: अतिवाहक पदार्थ चुंबकीय क्षेत्र आपल्या अंगांतून बाहेर लोटतो. रोधाचा लोप आणि क्षेत्राचें उत्सर्जन, हीं दोन्ही पटल्यावांचून कोणत्याही दाव्यावर शास्त्रज्ञ विश्वास ठेवीत नाहींत; मुंबईच्या कथेंत ही गोष्ट महत्त्वाची आहे.

यांत एक विरोधाभास आहे. वीज उत्तम वाहून नेणारे धातु म्हणजे चांदी, तांबें आणि सोनें. पण यांपैकीं एकही आजवर अतिवाहक झालेला आढळला नाहीं. उलट शिसें, कथील, पारा हे वहनाच्या बाबतींत मध्यम प्रतीचे धातु अतिवाहक होतात. याचा उलगडा बार्डीन, कूपर व श्रीफर यांनीं १९५७ सालीं केला. एक इलेक्ट्रॉन जातां जातां धन भाराच्या अणूंना किंचित् आपल्याकडे ओढतो. अणु जड, ते सावकाश परततात. तेवढ्यांत मागें उरलेल्या धन भाराच्या खुणेकडे दुसरा इलेक्ट्रॉन खेंचला जातो. अशा रीतीनें एकमेकांना दूर लोटणारे दोन इलेक्ट्रॉन अणूंच्या कंपनांच्या मध्यस्थीनें जोडीनें वागूं लागतात. जी कंपनें उबेंत विजेच्या वाटेंत आडवीं येतात, तींच थंडींत जोड्या जुळवितात. म्हणून सामान्य स्थितींतील फार चांगला वाहक अतिवाहकतेला बहुधा निकामी.

जोड्या कोणाच्या जुळतात? कांठावरच्यांच्याच. म्हणून त्यांची दाटी जितकी अधिक, तितकी अतिवाहकता अधिक तापमानाला सुरू होते. आणि हें वाढणें साधें नव्हे, तें चक्रवाढ व्याजासारखें आहे. दाटी आणि आकर्षण यांचा गुणाकार एक-पंचमांशावरून दोन-पंचमांश झाला, म्हणजे केवळ दुप्पट झाला, तर या सिद्धांताच्या मूळ सूत्राप्रमाणें अतिवाहकतेचें तापमान सुमारें बारापट होतें. पाण्याची रेषा कोणत्या पायरीवर पडावी हा प्रश्न एवढ्या मोलाचा कां, तें यावरून कळेल.

प्रयोग करणारांनीं मात्र सूत्राची वाट पाहिली नाहीं. १९५३ सालीं हार्डी व हल्म यांना व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांचें संयुग १७ केल्विनला अतिवाहक झालेलें आढळलें. पुढच्याच वर्षीं बर्न्ट मथायस व त्यांच्या सहकाऱ्यांना नायोबियम-कथील १८ केल्विनला सांपडलें. अशा संयुगांत पाण्याची रेषा एका अरुंद पण उंच दाटीच्या शिखराशीं येऊन थांबते, हें पुढें उमगलें. मथायस हे विलक्षण गृहस्थ. शेंकडों संयुगें वितळवून पाहून त्यांनीं आपले आडाखे बसविले: अणूमागें इलेक्ट्रॉन सुमारें पावणेपांच किंवा साडेसहा असावेत; रचना घनाकृति असावी; प्राणवायूपासून दूर राहावें; चुंबकत्वापासून दूर राहावें; आणि शेवटचा नियम त्यांच्या नांवावर गमतीनें सांगतात तो असा कीं, सिद्धांत सांगणाऱ्यांपासूनही दूर राहावें. या आडाख्यांनीं पंचवीस वर्षें चांगलें पीक दिलें. १९७३ सालीं नायोबियम-जर्मेनियम २३.२ केल्विनपर्यंत पोंचलें, आणि तेथें आंतरधातु संयुगांची चढण थांबली. १९८६ सालीं बेडनोर्त्स व म्यूलर यांना तांब्याच्या एका ऑक्साइडांत अतिवाहकता सांपडली, वर्षभरांत ती ९० केल्विनच्या पुढें गेली, आणि जगांतील प्रयोगशाळा तिकडे धांवल्या. साध्या धातुसंयुगांत आतां कांहीं उरलें नाहीं, असें बहुतेकांनीं ठरवून टाकलें.

त्या दिवसांत मुंबईला कुलाब्याच्या टोंकाशीं, टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत, एक छोटा गट जुन्याच वाटेनें चालला होता. होमी भाभा यांनीं १९४५ सालीं स्थापन केलेल्या या संस्थेचें नांव सामान्यतः अणुशास्त्र व विश्वकिरण यांच्याशीं जोडलें जातें, परंतु आर. विजयराघवन, एल. सी. गुप्ता, आर. नागराजन, एस. के. धर प्रभृति मंडळी तेथें दुर्मिळ मृत्तिका-धातूंच्या संयुगांतील चुंबकत्व पारखीत होती. या कामांत कीर्तीचा झगमगाट नाहीं. धातूचे तुकडे तोलावे, आर्गॉन वायूंत विजेच्या ठिणगीनें वितळवावे, गोळी उलटून पुन्हा वितळवावी, द्रव हीलियमच्या थंडींत नेऊन मोजावी, वहींत लिहावी आणि पुढची गोळी घ्यावी. यिट्रियमचा एक अणु, निकेलचे चार आणि बोरॉनचा एक, असें एक संयुग या यादींत होतें. यिट्रियम स्वतः चुंबकीय नाहीं. चुंबकीय धातूंच्या भावंड-संयुगांशीं तुलना करण्यास तें सोयीचें, एवढाच त्याचा मान. अतिवाहकतेसाठीं तें कोणीं निवडलें नव्हतें.

त्या तुलनेच्या पदार्थानें १२ केल्विनच्या सुमारास खूण दिली. मात्र ती पुरी नव्हती. चुंबकीय मोजणीवरून दिसे कीं, गोळीचा थोडासाच भाग अतिवाहक होत आहे. बाकीचा जसाच्या तसा. अशा खुणा प्रयोगशाळांत पुष्कळदां दिसतात आणि पुष्कळदां त्यांचें मूळ एखाद्या भेसळींत निघतें. शिवाय या गोळींत सर्वांत अधिक निकेल, आणि निकेल म्हणजे लोखंड व कोबाल्ट यांच्या पंगतींतील चुंबकीय धातु. निकेलयुक्त अतिवाहक अगदींच नव्हते असें नाहीं. पण त्यांचीं तापमानें फार खालचीं. मथायस यांचा आडाखा मानणाऱ्यानें ही खूण 'अशुद्धि' म्हणून वहींत टिपली असती आणि पान उलटलें असतें, तर त्यास कोणी दोष दिला नसता.

या मंडळींनीं पान उलटलें नाहीं. चंदन मजुमदार हे त्या वेळीं विद्यार्थी-संशोधक होते. १९९३ सालीं ही १२ केल्विनची खूण प्रसिद्ध झाली, तेव्हां लेखकांत त्यांचें नांव पहिलें होतें. पुढचें काम म्हणजे गोळीच्या त्या थोड्याशा भागांत काय आहे हें शोधणें. उत्तर निघालें कार्बन. कार्बन मुद्दाम घातल्याबरोबर अतिवाहक भाग वाढला आणि खूण ठसठशीत झाली. रोध शून्यावर गेला, चुंबकीय क्षेत्र बाहेर लोटलें गेलें, आणि उष्माधारकतेच्या मोजणींतही बदल उमटला. ही शेवटची कसोटी सर्वांत कठोर. कारण धातूच्या पृष्ठावरचा पातळ अतिवाहक पापुद्रा रोधाला फसवूं शकतो, उष्माधारकतेला फसवूं शकत नाहीं. नागराजन, मजुमदार, झाकिर हुसेन, धर, गोपालकृष्णन्, गुप्ता, फ्रान्समधील गोदार, मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे पदालिया आणि विजयराघवन यांचा यिट्रियम-निकेल-बोरॉन-कार्बन या चौकडीवरील निबंध अमेरिकेंतील 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नियतकालिकांत जानेवारी १९९४ मध्यें प्रसिद्ध झाला.

आणि त्याच महिन्यांत अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेंतून रॉबर्ट कावा व सहकारी यांचे निबंध लंडनच्या 'नेचर' साप्ताहिकांत आले. निकेलच्या जागीं पॅलेडियम घातलेल्या चौकडींत त्यांना २३ केल्विनची अतिवाहकता मिळाली, म्हणजे १९७३ च्या उच्चांकाची बरोबरी. आणि निकेलच्याच चौकडीचें शुद्ध संयुग त्यांनीं वेगळें काढलें: दुर्मिळ धातूचा एक अणु, निकेलचे दोन, बोरॉनचे दोन, कार्बनचा एक. ल्युटेशियम घेतल्यास अतिवाहकता १६.६ केल्विनला सुरू होते, यिट्रियम घेतल्यास सुमारें १५.५ ला. स्फटिकाची रचनाही तेथेंच उकलली. बेलच्या या कामाचें महत्त्व निर्विवाद आहे. संयुगाचें नेमकें प्रमाण व रूप जगास त्यानेंच स्पष्ट करून दिलें. तथापि धागा प्रथम ओढला गेला तो कुलाब्यास, आणि १९९३ सालच्या निबंधावर तशी तारीखही आहे. मोठ्या प्रयोगशाळेचा आवाज मोठा असतो. ज्या पानावर दोन्ही नांवें हवींत तेथें केव्हां केव्हां एकच छापलें जातें. हें विसरून चालणार नाहीं.

मग निकेलचें चुंबकत्व गेलें कोठें? या ठिकाणीं पुन्हा घाटाकडे यावें लागतें. या संयुगांत दुर्मिळ धातु व कार्बन यांचा एक थर आणि निकेल व बोरॉन यांचा एक थर अशी आळीपाळीची बांधणी आहे. थर पाहून अनेकांना तांब्याच्या ऑक्साइडांची आठवण झाली. येथेंही वीज थराथरांतूनच वाहत असेल असें वाटलें. परंतु १९९४ सालींच वॉशिंग्टनच्या नौदल प्रयोगशाळेंत पिकेट व सिंग यांनीं, आणि बेल येथें मॅथाइस यांनीं, ऊर्जापट्ट्यांचें गणित पुरें केलें, आणि निष्कर्ष निराळा आला. इलेक्ट्रॉन थरांत कोंडलेले नाहींत. तिन्ही दिशांनीं ते हिंडतात. निकेलचे इलेक्ट्रॉन बोरॉनच्या इलेक्ट्रॉनांशीं इतके मिसळून गेले आहेत कीं, शुद्ध निकेलमध्यें ज्या चिंचोळ्या पट्ट्यामुळें चुंबकत्व उपजतें तो पट्टा येथें रुंदावतो, आणि निकेलच्या अणूंवर चुंबकत्व उरत नाहीं. शिवाय पाण्याची रेषा अगदीं दाटीच्या शिखरावर येऊन थांबली आहे. हलक्या बोरॉनचीं वेगवान कंपनें जोड्या जुळविण्यास साहाय्य करतात. १९९५ सालीं बोरॉनचा जड समस्थानिक वापरून पाहण्यांत आला, तेव्हां तापमान किंचित् बदललें आणि या अनुमानास दुजोरा मिळाला.

एवढ्यावर हें गणित खरें मानण्याचें कारण नाहीं. शिखर आहे म्हणून सांगणें सोपें. त्याची परीक्षा भावंडांवर झाली. निकेलच्या जागीं कोबाल्ट घातला म्हणजे प्रत्येक अणूमागें एक इलेक्ट्रॉन कमी होतो, पाणी शिखरावरून खालीं उतरतें. आणि तें संयुग अतिवाहक होत नाहीं. निकेल कायम ठेवून यिट्रियमऐवजीं लँथॅनम घातलें, तर इलेक्ट्रॉनांची संख्या तीच राहते; पण लँथॅनमचा अणु मोठा, त्यामुळें स्फटिकाची मापें बदलतात, पायऱ्यांची ठेवण बदलते, रेषेजवळची दाटी ओसरते आणि अतिवाहकताही जाते. पहिल्या भावंडांत पाणी हललें, दुसऱ्यांत घाट हलला, परिणाम एकच.

यिट्रियमच्या जागीं अर्बियम किंवा होल्मियम हे खरोखरीचे चुंबकीय धातु घातले, तर याहून आश्चर्याची गोष्ट घडते. अर्बियमचें संयुग सुमारें ११ केल्विनला अतिवाहक होतें आणि ६ केल्विनच्या सुमारास त्यांतील अर्बियमचे चुंबक शिस्तींत उभे राहतात. तरीही अतिवाहकता जात नाहीं. होल्मियमचें संयुग ८ केल्विनच्या सुमारास अतिवाहक होतें, ५ केल्विनजवळ चुंबकत्वाच्या गडबडींत डळमळतें, आणि आणखी थंडींत पुन्हा सावरतें. हे दोन गुण एका घरांत नांदत नाहींत, हा मथायस यांच्या काळचा समज. तसे नांदणारे कांहीं पदार्थ १९७७ पासून माहीत होते; परंतु इतक्या सहज हाताळतां येणाऱ्या तापमानांत त्यांचा संसार पाहावयास मिळाला तो या चौकड्यांमुळें.

धातुसंयुगांची कथा येथें संपली नाहीं. जानेवारी २००१ मध्यें जपानांत आकिमित्सु व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मॅग्नेशियम आणि बोरॉन यांचें साधें संयुग ३९ केल्विनला अतिवाहक होतें असें जाहीर केलें. हें संयुग पन्नास वर्षांपूर्वीं ज्ञात झालेलें, रसायनांच्या दुकानांत बाटलींतून मिळणारें. त्याची अतिवाहकता मात्र कोणाच्या ध्यानांत आली नव्हती. त्यांत दोन प्रकारचे पट्टे एकाच वेळीं जोड्या जुळवितात, हें गणितानें नंतर दाखविलें.

कुलाब्याच्या संस्थेंत तर याच्या उलट टोंकाचा एक पदार्थ हातीं लागला. बिस्मथ या धातूंत पाण्याची रेषा जवळजवळ कोरड्या पायरीवर असते. सुमारें एक लक्ष अणूंमागें एकच इलेक्ट्रॉन मोकळा. येथें जोड्या जुळणार कोणाच्या? म्हणून शुद्ध बिस्मथ सामान्य दाबाखालीं अतिवाहक होईल ही आशा जवळजवळ सोडून दिली गेली होती. एस. रामकृष्णन् व त्यांच्या गटानें बिस्मथचा अत्यंत शुद्ध स्फटिक चुंबकीय क्षेत्रापासून काळजीपूर्वक राखून, निरपेक्ष शून्याच्या अगदीं जवळ नेला, आणि डिसेंबर २०१६ मध्यें 'सायन्स' या नियतकालिकांतून निष्कर्ष प्रसिद्ध केला: ०.०००५३ केल्विनला बिस्मथ अतिवाहक होतो. कांठावर इतके थोडे इलेक्ट्रॉन असतांना हें कसें घडावें, याचें उत्तर १९५७ च्या सिद्धांताच्या नेहमींच्या रूपांतून मिळत नाहीं, असें या गटानें त्या निबंधांतच नमूद केलें आहे.